मायने न दिलेला हात

माझी माय माणिकबाई सूड घेणारी बाई आहे, असं अकोल्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत आजही सांगतात. सांगणाऱ्यांचं चुकत नाही. मी तिची मुलगी, अमरावतीला एका दवाखान्यात सिस्टर आहे, आणि मलाही तसंच वाटतं. फरक एवढाच की लोक ते नाक मुरडून सांगतात आणि मी मान वर करून सांगते.

माझे बाबा देवमन आमच्या मंडळीच्या कब्रस्तानात कबरी खोदायचे. चाळीस वर्षं हेच काम केलं. कब्रस्तानाची गेटजवळची जमीन उंच आहे, मुरमाड आणि कोरडी. मागे उतार लागतो तो थेट नाल्यापर्यंत, आणि तिथं सगळी काळी माती. पावसाळ्यात तिथं कमरेएवढं खोदलं की खालून पाणी येतं. पुढची जागा जुन्या घराण्यांची होती, म्हणजे ज्यांचे आजे-पणजे मिशनच्या काळात मास्तर, प्रचारक, कंपाउंडर होते त्यांची. मागची जागा त्यांच्यानंतर बाप्तिस्मा घेतलेल्यांची, म्हणजे आमची. झाडूवाले, आया, हमाल, कबरी खोदणारे. चर्चमध्ये सगळे एका बाकावर बसायचो, मेल्यावर मात्र ज्याची त्याची पायरी दाखवली जायची. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या रजिस्टरमध्ये तसा नियम लिहिलेला होता.

त्या नियमाचे राखणदार होते खुशालराव सर, पंचकमिटीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. माणूस किती सरळ, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी खोटी पडेन. कोण्या पालकाने संत्र्यांची करंडी घरी आणून ठेवली तर सर ती स्वतः सायकलवर बांधून परत द्यायचे. त्यांचा मुलगा अंकुर दहावीच्या सराव परीक्षेत कॉपी करताना सापडला, तेव्हा त्यांनीच त्याला नापास केलं आणि भर प्रार्थनेच्या वेळी त्याचं नाव वाचून दाखवलं. त्यांच्या शब्दावर बोट ठेवायला जागा नव्हती. म्हणूनच त्यांचा नियमही कोणाला अन्यायाचा वाटत नव्हता.

चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बाबा गेले. पेटी सरांनी स्वतःच्या खर्चाने केली, चांगल्या सागवानाची. जागा मात्र नाल्याच्या अंगाला मिळाली. खड्डा खोदला तर गुडघाभर पाणी. बादल्यांनी उपसलं, तेवढंच पुन्हा आलं. शेवटी तशीच पेटी सोडली आणि ती तरंगायला लागली. बाबांचे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा पुंजाजी, त्यांनी बांबू घेऊन भावाची पेटी खाली दाबून धरली आणि वरून दगड टाकले. पास्टर प्रार्थना म्हणत होते. सर छत्री धरून उभे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गेटजवळ कोरडी जागा मोकळी पडलेली मला तिथूनच दिसत होती. मी तेव्हाच मनात म्हटलं होतं की हे मी विसरणार नाही.

माय मात्र विसरल्यासारखी वागली, आणि त्याला कारण आमच्या मंडळीची एक रीत आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे मेज मांडून त्यावरची भाकरी आणि प्याला सगळ्यांनी प्रभूच्या नावाने घ्यायचा. आदल्या शनिवारी चार वाजता तयारीची सभा भरते. त्या सभेत प्रत्येकाने प्रत्येकाला हात द्यायचा आणि म्हणायचं, काही चुकलं असेल तर माफ करा. समोरच्याने म्हणायचं, माफ. एकानेही कोणाला हात नाकारला तर दुसऱ्या दिवशी मेज मांडायचं नाही, सगळ्या मंडळीसाठीच नाही. रीत चांगली आहे. पण वर्षानुवर्षं तेच करून हात आपोआप पुढे येतो आणि तोंडातून माफ निघून जातं. बाबा गेल्यावर तीन वर्षं सरांनी दर महिन्याला मायला म्हटलं, काही चुकलं असेल तर माफ करा. आणि मायने दर महिन्याला माफ केलं. म्हणजे चुकलेलं तसंच राहिलं आणि माफी मात्र होत गेली. मेजाची भाकरीसुद्धा मायच भाजायची, बिनमिठाची, बिनखमिराची. तीस वर्षं तिचंच ते काम आहे.

मग मोठेबाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं अडखळत राहिलं. एक दिवस माय त्यांना पेज भरवत होती, तर त्यांनी तिचा हात धरला.

"माणिक, मले पान्यात ठेवू नोका," ते म्हणाले. "मीनं देवमनले दाबलं व. त्याचा आवाज आला मले. लाकडाचा असीन, पन आला."

माय दुसऱ्याच दिवशी पंचकमिटीकडे गेली. पुंजाजी गेले तर त्यांना पुढे कोरड्यात जागा द्या, एवढंच तिचं मागणं. सरांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि नाही म्हटलं.

"माणिकबाई, नियम मी केलेला नाही," सर म्हणाले. "पण तुमच्यासाठी मोडला तर उद्या दुसऱ्याला काय सांगू? आजवर मी कोणासाठी वाकलो नाही. माझ्या पोरासाठीही नाही."

माय चहा न पिता घरी आली. त्या आठवड्यात मला तिने फोनवर काहीच सांगितलं नाही, फक्त शनिवारी ये म्हणाली. मी बडनेऱ्याहून गाडी धरून गेले. सप्टेंबरची तयारीची सभा होती. रांग सरकत सरकत सर मायसमोर आले. त्यांनी हात पुढे केला.

"काही चुकलं असेल तर माफ करा."

मायने हात पदराखाली घेतला. "चुकलं हाय सर. अन् ते असीन-नसीन काई नाई. पुंजाजीले जागा द्या, मंग हात घ्या."

पास्टरांनी तिला समजावलं. ती तशीच उभी राहिली. रविवारी मेज मांडलं गेलं नाही. तिने भाजून आणलेली भाकरी तिने घरी परत नेली आणि शेजारच्यांच्या बकरीला घातली. मला हसू आलं आणि छाती भरूनही आली.

सहा महिने मेज बंद होतं. नाताळात बंद, नव्या वर्षाला बंद. माय दर महिन्याला भाकरी भाजून न्यायची आणि दर महिन्याला सरांना हात नाकारायची. पास्टरांनी क्षमेवर तीन उपदेश केले आणि तिन्ही वेळा आमच्या बाकाकडे बघून केले. कमिटीतल्या एकाची बायको मंजुषा भाजीबाजारात मायला अडवून म्हणाली, "ताई, मन मोठं करा."

"मन मोठंच हाय माहं," माय म्हणाली. "जागा लहान पडून राहिली."

काहींनी सुचवलं की माणिकबाईचं नाव मंडळीतून काढून टाका, म्हणजे अडचण संपेल. ते सरांनीच होऊ दिलं नाही. ते म्हणाले की ही बाई खोटा हात देत नाही, आणि आपल्यातले किती जण खोटा हात देऊन मेजावर बसले असतील याचा विचार करा. हे ऐकून मला त्यांचा जास्तच राग आला. एवढं समजणाऱ्या माणसाला त्या नियमावर एक रेघ मारता येत नव्हती.

फेब्रुवारीत सरांच्या किडन्यांनी साथ सोडली. डायलिसिस सुरू होतं, पण डॉक्टरांनी अंकुरला स्पष्ट सांगितलं की आता थोडे दिवस. पास्टर घरी भाकरी आणि प्याला घेऊन यायला तयार होते. आजाऱ्यासाठी तशी सवलत आहे. सरांनी नकार दिला. माणिकबाईचं माझ्याविरुद्ध काही आहे, ते असेपर्यंत मी घेणार नाही, असं म्हणाले. मायला त्यांचा स्वभाव पक्का माहीत होता. तिने सहा महिने त्यांना त्यांच्याच सरळपणात अडकवून ठेवलं होतं, आणि हे तिला बरोबर समजत होतं. सूड म्हणतात तो हाच.

त्यांनी बोलावणं पाठवलं तेव्हा मी घरी होते. आम्ही दोघी दुपारी गेलो. सर पलंगावर उशांना टेकून बसले होते, चेहरा सुजलेला. अंकुर पायथ्याशी उभा होता.

"माणिकबाई, देवमनच्या वेळी मी चुकलो," ते म्हणाले. "मी लिहून ठेवलं आहे. मला पुढे ठेवायचं नाही. नाल्याच्या अंगाला, देवमनच्या बाजूला ठेवायचं."

अंकुरने तोंड फिरवलं. मलाही क्षणभर त्यांची कीव आली, आणि मला माझाच राग आला.

"नाई," माय म्हणाली.

"नाही?"

"तुमी तिथं गेले तं लोक तुमाले संत म्हनतीन. फुलं आनतीन. अन् पुंजाजी तुमच्या बाजूले पान्यातच राहीन. मले तुमी पान्यात नाई पायजे सर. मले पुंजाजी कोरड्यात पायजे."

माय पलंगाच्या जवळ गेली.

"जनमभर तुमी सोताले साफ ठेवलं. लई साफ ठेवलं. पन आमच्या अंगावरचा चिखल कोनाचा होता? तुमाले हे काऊन नाई दिसलं?"

"बाबांना त्रास होतो आहे," अंकुर म्हणाला.

"होऊ दे," सर म्हणाले. मग मायकडे वळले. "नियम काढला तर हात द्याल?"

"देईन. शब्द हाय माहा."

मार्चच्या तयारीच्या सभेला अंकुरने त्यांना ऑटोतून आणलं आणि दोघा जणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेलं. सरांनी रजिस्टर मागितलं आणि तो नियम मोठ्याने वाचला. मग म्हणाले, यापुढे जो जसा जाईल तशी त्याला गेटपासून रांगेने जागा मिळेल, घराणं विचारायचं नाही, आणि कोणाचा विरोध असेल त्याने माझ्यासमोर उभं राहावं. कोणी उभं राहिलं नाही. त्यांनी स्वतःच्या पेनाने त्या ओळींवर रेघ मारली, खाली सही केली, आणि इतरांच्या सह्या घेतल्या. मग हात पुढे केला. मायने हात दिला. बायका रडल्या, पास्टरांनी गाणं सुरू केलं. मी गायले नाही. बाबांच्या चाळीस वर्षांत जे झालं नाही ते एका रेघेत झालं, ही गोष्ट मला आनंदाची वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहा महिन्यांनी मेज मांडलं गेलं. मायच्याच हातची भाकरी होती. ताट आमच्या बाकावर आलं, आणि मायने तुकडा न घेता ते माझ्याकडे सरकवलं. मी घेतला. पलीकडच्या रांगेत सर खुर्चीवर होते आणि त्यांनी ते पाहिलं. ताट त्यांच्यापर्यंत गेलं तेव्हा अंकुर त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. सरांनी मान हलवली आणि ताट पुढे दिलं.

बाहेर आल्यावर त्यांनी मायला जवळ बोलावलं. "हात तर दिला तुम्ही."

"देला. शब्द देला होता मनून देला. पन राग नाई गेला सर. दगड टाकलेले दिसतात मले अजून. खोटं कशी खाऊ?"

"बरोबर आहे," सर म्हणाले. "मग मीही थांबतो."

ते त्याच गुरुवारी गेले. भाकरी न घेताच गेले. गेटपासूनच्या नव्या रांगेत पहिली जागा त्यांचीच लागली. नाल्याच्या अंगाची त्यांची चिठ्ठी अंकुरने वाचून दाखवली, पण पास्टर म्हणाले की आता नियम रांगेचा आहे. मायने मूठभर माती टाकली.

मोठेबाबा जुलैत गेले. तीन दिवस झड लागली होती आणि नाला दुथडी भरून वाहत होता. मधल्या काळात दोघं गेले होते, म्हणून मोठेबाबांची चौथी जागा आली. खोदणारे वर आल्यावर मी साडी खोचून स्वतः खाली उतरले आणि तळाला हात लावून पाहिला. मुरूम होता, कोरडा. मी मायला हात दाखवला. बाबा गेल्यावर जी बाई चार वर्षं रडली नव्हती, ती तिथं चिखलात बसून रडली.

सगळं आटोपल्यावर ती उठून सरांच्या कबरीपाशी गेली. अंकुर तिथं उभा होता, त्याच्या हातात छत्री होती.

"आज गेला बाबा राग," माय त्याला म्हणाली. "आज माफ केलं मीनं त्यायले."

"चार महिने उशीर झाला," अंकुर म्हणाला.

"मालूम हाय मले."

ऑगस्टच्या तयारीच्या सभेत रांग सरकत अंकुर मायसमोर आला. मायने हात पुढे केला. काही चुकलं असेल तर, असं ती म्हणाली नाही. "माहं चुकलं, माफ कर," असं म्हणाली. अंकुरने हात खिशात घातला. त्याने तिला शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. बापाचाच मुलगा तो.

मेज पुन्हा बंद आहे. लोक आता त्याला समजावतात आणि पास्टर पुन्हा क्षमेवर बोलतात. मायने मागितलं होतं ते देता येण्यासारखं होतं. एक जागा होती, एक रेघ होती. अंकुरला जे पाहिजे ते, म्हणजे बाप जिवंत असतानाची माफी, मायजवळ नाही आणि कोणाजवळच नाही. मी मायला म्हटलं की तू आता सभेला जाऊ नकोस, घरी बस, तुझं काम झालं. ती ऐकत नाही. दर महिन्याला सभेच्या शनिवारी ती सकाळी भाकरी भाजते, चार वाजता चर्चमध्ये जाते, आणि अंकुर समोर आला की हात पुढे करून उभी राहते.