पडदेवाले पहिल्यांदा नाटक बघतात

पडदेवाल्यांनी उभ्या आयुष्यात एकही नाटक पाहिलं नव्हतं, असं सांगितलं तर लोक सांगणाऱ्यालाच वेड्यात काढत. नाट्यगृहातच तर त्यांचे केस पांढरे झालेले! पण त्यांची जागा उजव्या विंगेत, रंगमंचाच्या कडेला काळ्या कापडाआड. कान संवादाकडे, डोळे हातातल्या दोराकडे. "पडदेवाल्याचा नाटकात जीव गुंतला की पडदा चुकलाच," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि त्यांचा पडदा कधी चुकला नव्हता.

घराचंही त्यांनी नाट्यगृह करून टाकलं होतं. स्वयंपाकघर म्हणजे रंगपट, कारण सगळी रंगरंगोटी तिथे. बाहेरची खोली हा रंगमंच. पाहुण्यानं बाथरूम विचारली की बसल्या जागेवरून फर्मान सुटे, "डाव्या विंगेत!" आता रंगमंचावर डावं-उजवं ठरतं ते प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटावरून. समोर बसलेल्या पाहुण्याला हे कोण सांगणार? तो आपल्या डावीकडे जाई आणि थेट कपड्यांच्या कपाटात शिरे.

"अहो, माणसासारखं सांगा की!" बायको कपाळाला हात लावी.

ही बायको तालमीला डबा घेऊन येई आणि विंगेतल्या स्टुलावर ठाण मांडे. कडेनं, तिरकं का होईना, नाटक तीच डोळे भरून बघे. म्हणून शेजारणीचं काम करणारी नटी पाय मोडून घरी बसली, तेव्हा स्टुलावरून आवाज आला, "मला पाठ आहे सगळं."

दिग्दर्शकानं डोकं खाजवलं. "एक प्रयोग बघू, वहिनी. जमलं तर काम तुमचं."

प्रयोगाच्या दिवशी रंगपटात पदर खोचता खोचता तिनं विचारलं, "माझी फजिती झाली तर?"

"मी कुठे बघणार आहे? मी दोर बघणार."

"तेही खरंच. लग्नात तरी कुठे बघितलं होतंत!"

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. समोरच्या विंगेतून हातात झाडू घेऊन शेजारीण आली. पहिल्या वाक्याला आवाज कापला. दुसऱ्याला अख्खं प्रेक्षागृह हसलं. कोण हसवतंय एवढं बघावं म्हणून पडदेवाल्यांनी मान वर केली, आणि ती तशीच राहिली. पिवळ्या उजेडात कमरेवर हात ठेवून भाडेकरूला फैलावर घेणारी ही बाई आपल्याच घरात राहते?

अंक संपत आला. नायकानं पेटी उचलली. "मी जातो!" या वाक्यावर पडदा.

पडदा हलेना.

"जातोच मी!" नायक म्हणाला. "खरंच जातो हं!"

"अरे मग जा ना!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

बायकोनं विंगेत पाहिलं. नवरा हातात दोर धरून तोंडभर हसत उभा! प्रयोग पडला तर काम गेलं, हे तिला कळत होतं. तिनं झाडू काखेत मारला.

"एकाला जायचं नाही, एकाला हलायचं नाही! शेवटी बाईमाणसानंच आवरायचं!" म्हणत ती तडक उजव्या विंगेत शिरली, दोर हिसकावला आणि ओढला. टाळ्यांच्या कडकडाटात पडदा मिटला.

पडदेवाले आता कुठे भानावर आले. "माझ्यामुळे तुझं काम गेलं गं!"

"ते राहू द्या. कसं झालं ते सांगा."

"मी पडदा चुकलो," ते म्हणाले. "आता आणखी काय सांगू?"

तेवढ्यात दिग्दर्शक धावत आला. "वहिनी, काम तुमचं! आणि काका, वहिनी रंगमंचावर असताना दोराला हात लावायचा नाही!"

पुढच्या प्रयोगाला दोर प्रकाशयोजनावाल्याकडे आणि पडदेवाले पाचव्या रांगेत. बसल्या बसल्या त्यांनी शेजारच्याचा दंड धरला. "अहो, माझी उजवी विंग तर डावीकडे गेली!" कपाटात शिरलेले सगळे पाहुणे त्यांना एकदम आठवले.

"शू!" शेजारचा म्हणाला.

पडदा उघडला. "उशीर केला गाढवानं," ते पुटपुटले. मग झाडू घेऊन शेजारीण आली, आणि अंक संपताना पडदा वेळेवर पडला की नाही, हे पडदेवाल्यांना आजतागायत सांगता आलेलं नाही.