दमला तर सांगेल

तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस संगणकालाही हुकूम सोडतो, हे आम्हाला सुभेदारांमुळे कळलं. "आरं, पळ की!" असं ते पडद्यावरच्या ठिपक्यावर खेकसत आणि ठिपका बाद झाला की आमच्याकडे रागाने बघत.

देवळाली कॅम्पातल्या आमच्या कॉलनीत चार-पाच जणांनी मिळून संगणकावर बेसबॉलची लीग सुरू केली होती. खरा बेसबॉल कुणीच खेळलेलं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या संघाचा मॅनेजर. धोका पत्करून किती पळायचं, चेंडू टाकणारा पिचर दमला की किती लवकर बदलायचा, अशा डावपेचांच्या पट्ट्या सामन्याआधी सरकवून ठेवायच्या आणि मग संगणक खेळवेल ते मुकाट्याने बघायचं. सुभेदारांना एकदा तरी करंडक हवा होता. काकूंनी टीव्हीशेजारी त्याच्यासाठी जागाही करून ठेवली होती.

बाकीच्या पट्ट्या ते रोज हलवत. हरले की हलवत, जिंकले तरी हलवत. त्यामुळे कशाने काय होतं, हे त्यांना कधी कळलंच नाही. एक पट्टी मात्र कायम शून्यावर असे: पिचर बदलायचा नाही.

"सुभेदार, दमलेला पिचर मार खातो हो," मी म्हणायचो.

"दमला तर सांगल की तो. न इचारता माणूस बदलला तर खचतो, बाळा. तोफेवर मी कुणाला असा हटवला नाय."

"अहो, संगणकातला माणूस कसा सांगणार?"

"मग थांबू आपण."

एकदा ते अंतिम सामन्यात पोचले. आम्ही विनवलं, काकू तर रागावल्याच, पण पट्टी हलली नाही. जिंकत आलेला सामना शेवटी पिचर दमल्याने गेला. सुभेदार पडद्याला म्हणाले, "लय चांगला खेळलास." काकूंनी टीव्हीशेजारी फुलदाणी ठेवून दिली.

पुढे ते आजारी पडले. नाशिकच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा उगाच हसत विचारलं, "काय सुभेदार, पट्ट्या हलवायच्या ना?"

त्यांनी माझा हात धरला. "दमलो रे आता. संघ तू घे."

त्यांच्या संघातून आपण दमलो असं सांगणारे ते एकटेच निघाले. मला तिथे रडू आवरलं नाही.

आता तो संघ मी चालवतो. बाकीच्या पट्ट्या मनासारख्या लावल्यात, ती एक मात्र शून्यावरच आहे. यंदा आम्ही शेवटून दुसरे आलो.