बाबा हरले त्या दिवशीची गोष्ट

नाही, आधी माझं ऐका... आजारातून उठलेल्या माणसाला मुद्दाम जिंकू दिलं तर बिघडलं कुठे, असंच म्हणताय ना? मागच्या रविवारपर्यंत मीही तेच म्हणत होते.

बायपासनंतर बाबा पहिल्यांदाच गोल्फ खेळायला गेले. आईची ऑर्डर होती, म्हणून ड्रायव्हर मी. खेळ संपल्यावर क्लबहाऊसच्या व्हरांड्यात नेहमीची बैठक... तर्री पोहे, चहा, आणि कोणाचा बॉल कुठल्या झाडात गेला त्याच्या कहाण्या.

मित्रामित्रांत खेळताना एक पद्धत असते. बॉल होलच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर थांबला की समोरचा म्हणतो, "दिला!" मग तो शेवटचा हलका फटका मारायचा नाही... बॉल गेला असं धरायचं आणि उचलायचा.

बाबांचे जुने जोडीदार घाटे काका म्हणाले, "काय खेळला गा तू आज! जिंकला ना!"

बाबांनी प्लेट बाजूला सारली. "कुठचा जिंकलो? सकाळपासून दिला, दिला करून राहिला तू मले. शेवटचा बॉल किती लांब होता! मधात मी आडवा झोपलो असतो तरी जागा उरली असती. काहून दिला?"

"अबे, डॉक्टरनं टेन्शन घ्यायले मना केलं ना तुले..."

"मंग खेळाले कशाले बोलावलं? पेशंटले भेटाले घरी यायचं होतं!"

'बाबा, बीपी...' माझ्या ओठांवर आलं होतं, गिळलं.

घाटे काका उठले. "चल. मार मंग."

पोहे तसेच टाकून दोघं समोरच्या प्रॅक्टिस ग्रीनवर, सरावाच्या हिरवळीवर गेले. काकांनी बॉल तेवढ्याच लांब ठेवला, उलट जरा मागेच. बाबा बराच वेळ वाकून उभे... मग मारला. बॉल होलच्या काठाला लागून बाजूने निघून गेला.

मी खुर्चीतून अर्धी उठले. काका मात्र अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे ओरडले, "हारला बे हारला! एवढासा बॉल जात नाही तुझ्यानं?"

आणि बाबा हसले... ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, छातीवर हात न धरता. "पुढच्या रविवारी पाहतो तुले!"

थँक्यू, घाटे काका.

तर तो पुढचा रविवार आज आहे. बाबा खाली गाडीत बसून हॉर्न वाजवून राहिलेत... तुमचं जे काही म्हणणं असेल ते असो, मी निघाले.