अलिप्ततावाद आणि अम्मी

देशाच्या पहिल्या पंतप्रधानांचं परराष्ट्र धोरण बरोबर की चूक, या वादापायी मी माझी आई तळा गावात विसरून आलो.

अम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अलिबागला झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीनं म्हसळ्याला घरी आणत होतो. मागच्या सीटवर काळा चष्मा लावून अम्मी, पुढे माझ्या शेजारी तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे मामू. मामूंनी तीस वर्षं कुवेतमध्ये क्रेन चालवली आणि त्या उंचीवरून साऱ्या जगाचं राजकारण पाहिलं. (असं ते म्हणतात.) मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. अशा दोघांना एका गाडीत बसवूच नये!

रोह्यापर्यंत बरं चाललं होतं. मग मामू म्हणाले, "चीनवर भरवसा ठेवला, तिथंच फसला तुमचा पंतप्रधान!"

"मामू, देश नुकता स्वतंत्र झालेला. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे रशिया. कुणाच्याही ओंजळीनं पाणी न पिता उभा राहिला तो माणूस!"

"उभाच राहिला! शेजारी कुंपण सरकवतोय आणि हा शांततेवर भाषणं देतोय!"

तळ्याला चहाला थांबलो. चहाबरोबर अलिप्ततावाद संपला आणि गाडीत बसता बसता सीमाप्रश्न सुरू झाला. मागचं दार उघडं दिसलं, ते मी लावलं. (दार उघडं का आहे, हा प्रश्न इतिहासाच्या मास्तरला पडला नाही!) निघालो.

थोड्या वेळानं मी म्हणालो, "अम्मी, तूच सांग, चूक कुणाची?"

मागून उत्तर नाही.

"बघ! आपा माझ्या बाजूनं आहे," मामू खूश.

"गप्प आहे, म्हणजे अलिप्त आहे ती!"

तेवढ्यात गाडी दणकन खड्ड्यात आदळली. मागून "या अल्ला, हळू चालव!" आलंच नाही. मामूंनी वळून पाहिलं.

"इक्बाल... आपा कुठंय?"

मागे औषधांची पिशवी होती, अम्मीची पर्स होती, पर्समध्ये तिचा मोबाइल होता. अम्मी नव्हती!

ऑपरेशन झालेला डोळा, सत्तरीची बाई, अनोळखी गाव. गाडी फिरवली. मामू मोठ्यानं दुवा मागत होते. मध्येच म्हणाले, "चूक माझी."

"नाही मामू, माझी."

आयुष्यात पहिल्यांदा आमचा वाद उलट्या दिशेनं चालला होता.

तळ्याच्या त्या हॉटेलात अम्मी पंख्याखाली खुर्चीत बसली होती आणि हॉटेलवालीला बोंबलाचं कालवण कसं करायचं ते सांगत होती. आम्ही चहा पीत असताना ती मागच्या मोरीकडे गेली होती, परत आली तर गाडी गायब!

"आलात?" ती म्हणाली. "मिटला चीनचा प्रश्न?"

माझा जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"रडतोस कशाला? ऑपरेशन माझ्या डोळ्याचं झालंय!"

मग मामूंना मागे बसवून ती पुढे बसली. म्हसळा येईपर्यंत मी आणि मामू, दोघांनीही तोंड उघडलं नाही. उतरताना अम्मी म्हणाली, "पुढच्या तपासणीला मी एसटीनं जाईन. कंडक्टर निदान माणसं मोजून बेल मारतो."

वीस वर्षं वर्गात रोज साठ पोरांची हजेरी घेणारा मी मान खाली घालून म्हणालो, "बरं."