वरचा नंबर, खालची तारीख

राजुरीत मी ज्यांच्या हाताखाली रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती शिकलो, त्या तात्यांना उतारवयात एकच नाद उरला होता: भंगारातला जुना कॉम्प्युटर चालू करायचा. बारीक अक्षर त्यांना दिसत नसे. नंबर वाचायचे मी, जोडायचं त्यांनी.

त्यातली एक आयसी, म्हणजे बोर्डावरची काळी चिप, जळाली होती. नंबर ७४३२. बेल्ह्याच्या बाजारात भंगारवाल्याच्या टेम्पोत मला एक जुना बोर्ड मिळाला. त्यावरच्या एका आयसीवर दोन आकडे होते, वर ७४०८, खाली ७४३२. मला हवा तो दिसला आणि मी म्हणालो, "हीच."

पाय तेवढेच, बसलीही चपखल. कॉम्प्युटर मात्र उठेना. आपलंच सोल्डरिंग कच्चं राहिलं असं समजून तात्या तीच जागा पुन्हा पुन्हा तापवत राहिले, आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलली गेली. त्यांनी हात समोर धरून पाहिले.

"कापत्यात राव. झालं आपलं."

सोल्डरिंग आयर्न त्यांनी माझ्या पिशवीत टाकलं.

घरी येऊन तो जुना बोर्ड भिंगाखाली धरला. प्रत्येक आयसीचा वरचा नंबर वेगळा, खाली मात्र सगळीकडे ७४३१ नाहीतर ७४३२. खालची ती बनल्याची तारीख होती. चौऱ्याहत्तर साल, बत्तिसावा आठवडा. मी चुकीची आयसी दिली होती.

तात्या अंगणात कांदा निवडत बसलेले दिसायचे. "हाताचं काय, वयाचं असतंय ते," म्हणून मी पुढे जायचो. ज्यांनी शिकवलं त्यांच्यापुढे अडाणी ठरायची लाज, दुसरं काही नाही.

या उन्हाळ्यात शेवटी गेलो. तो जुना बोर्ड, भिंग, सोल्डरिंग आयर्न आणि शोधून आणलेली खरी आयसी पुढ्यात ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"बत्तिसावा आठवडा म्हंजी श्रावणच की." मग म्हणाले, "डोळं तुजं चुकलं, आन् घरी बसवलंस माझ्या हातांना."

मी आयर्न त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांनी ते तापवलं. पडून पडून टोक काळं झालं होतं, कथील धरेना. तात्या ते घासत बसले. उचकटलेल्या पट्टीच्या जागी बारीक तार जोडताना त्यांचा हात खरंच थोडा कापत होता. तेव्हाही कापत होता, की नुसतं बसून असं झालं, ते आता कळायचं नाही. मी कॉम्प्युटरचा बोर्ड घट्ट धरला.

"हलू नगं," तात्या म्हणाले. "आन् ते भिंग हिकडं दे. नंबर आता मी वाचतो."