बिबवेवाडीच्या गल्लीतली पोटदुखी

निवृत्त झालो तेव्हा ऑफिसच्या टेबलाचा खण रिकामा करून दिला. डोकं मात्र रिकामं होईना! साथरोग विभागात आरोग्य निरीक्षक म्हणून काम केलं, त्यातली निम्मी वर्षं डॉक्टर देवळेबाईंच्या हाताखाली. त्यामुळे चार मित्र जमले की विषय बाईंवरच जातो.

बिबवेवाडीच्या एका गल्लीत घरोघर पोटं दुखत होती. शोभाताईंची नऊ वर्षांची वर्षा तर पोट धरून गडबडा लोळायची. कारण सापडेना, म्हणून सर्जननी सोमवारी पोट उघडून बघायचं ठरवलं होतं. आमच्या हातात आठवडा होता.

*

पाण्याचा रिपोर्ट चांगला आला. एक पेन्शनर काका कडाडले, "पाणी शुद्ध, मग पोटं काय हौसेनं दुखतायत?"

"तेच विचारायला आलेय," बाई म्हणाल्या. "पोटालाच विचारते. आपण जरा गप्प बसा!"

*

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या पिंपांचा एक कारखाना होता. तो बंद करा म्हणून सगळ्यांनी सह्या केलेल्या. बाई आत गेल्या, कामगारांबरोबर भाकरी खाल्ली, बाहेर आल्या.

"धुरात राबणारे ठणठणीत आणि सह्या करणारेच आजारी! कारखाना नाही."

*

एकाच खोलीत कुणी आजारी नव्हतं. तिथे नोकरीवाले तीन तरुण भाड्यानं राहत.

"स्वयंपाक कशात करता?"

"एकच स्टीलचं पातेलं आहे, मॅडम. अंघोळीलाही तेच!"

मी हसत सुटलो. बाई मात्र तडक शोभाताईंच्या स्वयंपाकघरात शिरल्या. चिंचेची आमटी उकळत होती, पितळेच्या लखलखीत पातेल्यात. "नवीनच कल्हई केलीय," शोभाताई कौतुकानं म्हणाल्या. "सगळ्या गल्लीनं एकदमच करून घेतली. आंबट कळकायला नको ना!"

बाईंनी आमटी पातेल्यासकट उचलली.

*

पीएमटीच्या बसमध्ये पातेलं बाईंच्या मांडीवर. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वास झकास आहे हो! कुणाकडे?"

"सरकारी प्रयोगशाळेत."

"नशीबवान आहेत लेकाचे!"

*

शनिवारी रिपोर्ट आला. कल्हईत शिसं! आंबटात ते उतरत होतं आणि पोटात जात होतं. बाईंनी प्रयोगशाळेतूनच सर्जनना फोन लावला. ऑपरेशन रद्द झालं, वर्षाला औषध सुरू झालं. मला तर रडूच फुटलं.

इकडे गल्लीला मात्र चेव चढला. लोक म्हाताऱ्या कल्हईवाल्याच्या झोपडीवर चालून गेले, पुढे शोभाताई, हातात चप्पल. तो म्हणत होता, "बाजारात मिळालं त्येच कथील वापरलं वो, आई!"

गर्दी बाजूला सारत बाई आत शिरल्या, रक्त घ्यायची पेटी उघडून त्याच्यासमोर बसल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "तुम्ही महिनाभर खाल्लंत. यानं जन्मभर हुंगलंय. आधी याचा नंबर!"

म्हातारा बाहीचं बटण काढायला लागला, पण लुळं पडलेलं मनगट उचलेना, बोटं सरळ होईनात.

शोभाताईंनी चप्पल खाली टाकली, पुढे झाल्या आणि त्याचं बटण काढून दिलं.