ओढ्याकडचे आणि रस्त्याकडचे

सिरसाळ्याच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका गावात मी आठ वर्षं ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. मंडळी लहान, पस्तीसेक घरांची. निम्मी घरं रस्त्याकडच्या वस्तीत, निम्मी ओढ्याकडच्या. दोन्हीकडच्यांच्या आजे-पणज्यांनी एकाच मिशनरी साहेबाच्या हातून बाप्तिस्मा घेतला, पण ते आले वेगवेगळ्या जातींतून. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. मी इथं रुजू झालो त्याच आठवड्यात आमचे ज्येष्ठ पंच मला आपणहून सांगायला आले होते. ते निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. म्हणाले, "साहेब, इतर ठिकाणी असतं तसलं आपल्यात काईच न्हाई." मी कुठं काय विचारलं होतं? पण मी मान हलवली आणि चहा प्यालो. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

प्रभुभोजनाला आमच्याकडं पहिल्यापासून एकच प्याला. लोक वेदीपुढं येतात, भाकरीचा तुकडा घेतात, प्याल्यातून एक घोट घेतात आणि जागेवर जातात. आधी रस्त्याकडचे यायचे, मग ओढ्याकडचे. रस्त्याकडचे पुढं बसतात म्हणून आधी येतात, असं मी दोन वर्षं समजत होतो. पुढं का बसतात, हा प्रश्न मला पडला नाही.

कोरोनात सगळंच बंद पडलं. पुन्हा उपासना सुरू झाली तेव्हा पंचांच्या बैठकीत गुरुजींनी सुचवलं की आता प्रत्येकाला वेगळा छोटा पेला द्यावा, आरोग्याच्या दृष्टीनं. मला ते पटलं. परळीहून अंगठ्याएवढे स्टीलचे पेले आणि दोन ट्रे आणले. एक ट्रे पुढच्या लोकांत फिरायचा, एक मागच्या. रोगाची भीती सरली तरी पेले चालूच राहिले, आणि मीही ते चालू दिले, कारण काम झटपट उरकायचं.

एका रविवारी पेले धुवायला नेहमीच्या बाया आल्या नाहीत, म्हणून माझी बायको धुवायला बसली. थोड्या वेळानं तिनं मला मोरीपाशी हाक मारली. पुढच्या ट्रेतल्या प्रत्येक पेल्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. मागच्या ट्रेतल्या एकाही पेल्याला नव्हता. तिनं फक्त दोन पेले माझ्यापुढं पालथे धरले. मी मात्र पुष्कळ बोललो. त्यातलं पाळकाच्या तोंडी शोभण्यासारखं फार थोडं होतं.

तसाच गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शिक्षकाची जात, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, की बायकांनी ट्रेची अदलाबदल होऊ नये म्हणून खूण केली असेल, त्यात एवढं काय. मी विचारलं, अदलाबदल झाली तर काय बिघडतं? त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "साहेब, तुमी आज हायेत, उद्या तुमची बदली होईल. आमाला हितंच ऱ्हायचंय." एवढं बोलून त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं. मला तिथं बसवेना.

तिथून ओढ्याकडं गेलो. तिथल्या एक बाई शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. वस्तीत त्यांचा शब्द चालतो. त्यांना पेल्यांची हकिकत सांगितली. त्यांनी ऐकलं आणि हसल्या. म्हणाल्या, की ठिपके त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. सगळ्या वस्तीला माहीत होते. मी थक्क झालो. विचारलं, "मग मला कावून सांगितलं नाही?" माझ्याही तोंडी आता इथलीच भाषा येते.

"तुमी कुठं इचारलं?" त्या म्हणाल्या.

वर त्यांनी मलाच विनवलं की आता यावरून बोभाटा करू नका, लेकीचं लग्न तोंडावर आहे, रस्त्याकडच्यांशी वाकडं नको. म्हणजे करणाऱ्यांना काही वाटत नव्हतं आणि सोसणाऱ्यांना बोलायचं नव्हतं. गावात संतापलेला मी एकटाच. घरी परतताना वाटलं, सरळ राजीनामा लिहावा आणि शिकवण्या घ्याव्यात.

राजीनामा लिहिला नाही. दोन्ही ट्रे बांधून माळ्यावर टाकले आणि पुढच्या प्रभुभोजनाला जुना प्याला काढला. कुणाला विचारलं नाही, पंचांची बैठकही घेतली नाही. उपासनेत एवढंच सांगितलं की आजपासून एकच प्याला, आणि आज मागून सुरुवात होईल. ओढ्याकडचे बिचकत उठले, एकेक जण आले, गेले. मग मी पुढच्या रांगांकडं पाहिलं. कुणी हललं नाही. गुरुजी गीतांचं पुस्तक उघडून त्यात नजर खुपसून बसले होते. प्याला हातात धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी माझी बायको पुढं आली, प्याली आणि जागेवर गेली. तिच्यामागून रस्त्याकडची दोन म्हातारी माणसं आली, ती बहुधा माझी कीव येऊन.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी रस्त्याकडचे आलेच नाहीत. एरवीच्या रविवारी यायचे, गायचे, उपदेश ऐकायचे, सलाम करून घरी जायचे. भोजनाच्या रविवारीच सगळ्यांच्या नात्यात लग्नं आणि दुखणी निघायची. मग माझ्याविरुद्ध वर अर्ज गेला. वरिष्ठांचा फोन आला. मला वाटलं, निदान ते तरी पाठ थोपटतील. ते म्हणाले, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण समजुतीनं घ्या. समजुतीनं म्हणजे कसं, असं मी विचारलं तर त्यांना दुसरा फोन येत होता.

त्या दुपारी मी जेवताना मंडळीला, पंचांना, वरिष्ठांना, एकूण सगळ्यांनाच बोलत होतो. बायको वाढत होती. ती मध्येच म्हणाली, "सात वर्षांत ओढ्याकडं तुम्ही किती वेळा जेवलात?"

मी म्हणालो, सतत जातो की. ती म्हणाली, जाता, प्रार्थना करता, उभ्याउभ्या चहा घेता. जेवलात कधी?

मी आठवू लागलो. गुरुजींकडं महिन्यातून दोनदा तरी पान मांडलेलं असायचं. रस्त्याकडच्या घरांत मोठी पडवी होती, पंखा होता, तिथं बोलावणं यायचं आणि मी जायचो. ओढ्याकडून बोलावणं येत नसे, कारण पाळक आपल्याकडं जेवत नाहीत हे त्यांनी केव्हाच गृहीत धरलं होतं. मी कधी नाही म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. पण हे तर मी गुरुजींच्याच तोंडी शोभेल असं बोलत होतो.  बायकोवरही चिडलो, कारण हे तिला सात वर्षं दिसत होतं.

दुसऱ्याच दिवशी खिचडीवाल्या बाईंकडं जाऊन मी जेवायला मागितलं. त्या गडबडल्या, मग ज्वारीची भाकरी, पिठलं आणि असा ठेचा वाढला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हात धुताना त्यांना विचारलं, यातून वाट कशी काढू? त्यांनी सांगितलं, प्याल्याचा नाद जरा सोडा, आधी लोकांना जेवायला एकत्र बसवा. कापणीचा सण जवळ होता. मी जाहीर केलं की यंदा उपासनेनंतर सगळ्यांची पंगत, स्वयंपाक दोन्ही वस्त्यांनी मिळून करायचा. यावर रस्त्याकडून निरोप आला: पथ्यपाणी सांभाळावं लागतं, आम्ही आपापले डबे आणू.

सणाच्या दिवशी खरंच डबे आले. देवळाबाहेर, म्हणजे आमच्या चर्चबाहेर, लिंबाखाली सतरंज्या अंथरलेल्या. एका बाजूला ओढ्याकडचे पत्रावळी घेऊन, दुसऱ्या बाजूला रस्त्याकडचे तीन पुडांचे डबे उघडून. मध्ये दोन बैलगाड्या जातील एवढी जागा. गुरुजींनी तर घरून पाण्याचा थर्मासही आणला होता.  मी उठून काहीतरी बोलणार, आणि ते नक्कीच वावगं असणार, तेवढ्यात गुरुजींची बायको आपला डबा झाकून उठली. साठीच्या पुढची, कमी बोलणारी बाई. सात वर्षांत माझ्याशी चार वाक्यं बोलली असेल. ती मधली जागा ओलांडून खिचडीवाल्या बाईंसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "ठेचा दे गं. किती वर्सं झाली तुझ्या हातचा खाऊन."

मग कळलं ते असं. गुरुजींना नोकरी लागायच्या आधी या दोघी एकाच शेतात खुरपायला जायच्या. दुपारी बांधावर दोघींची फडकी एकत्र सुटायची, एकीची भाकरी, दुसरीचा ठेचा, एकाच तांब्यातलं पाणी. पुढं नोकरी आली, पगार आला, खुरपं सुटलं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या बायांची हीच कथा. ज्या अजून शेतावर जातात त्या बांधावर आजही एकत्र खातात. फक्त देवळात आल्या की दोन होतात. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी मनात म्हणालो, मग गेले चार महिने मी कुणाशी भांडतोय? हे मला कुणी आधी का सांगत नाही?

त्या दिवशी आणखी पाच-सहा बाया उठून गेल्या. पुरुष जागचे हलले नाहीत. गुरुजींनी डबा संपवला, झाकण लावलं आणि बायकोची वाट न बघता घरी गेले.

पुढच्या प्रभुभोजनाला रस्त्याकडच्या बाया आल्या. त्या मागच्या रांगेनंतर उठल्या आणि प्याल्या. पुरुष दर महिन्याला दोघे-तिघे करून येत गेले. अजून चार जण भाकरीचा तुकडा घेतात आणि प्याला पुढं आला की घशाचं कारण सांगतात. मी त्यांना काही म्हणत नाही, फक्त त्यांच्यापुढं जरा जास्त वेळ उभा राहतो. गुरुजी सर्वांत शेवटी आले. एका रविवारी खिचडीवाल्या बाईंचे यजमान घोट घेऊन बाजूला झाले आणि त्यांच्या जागी गुरुजी येऊन उभे राहिले. मी प्याल्याची कड कापडानं पुसतो तशी पुसली. सगळ्यांसाठी पुसतो, त्यांच्यासाठी कमी-जास्त नाही. त्यांनी डोळे मिटले आणि घोट घेतला.  

उपासना संपल्यावर मी दाराशी उभा होतो. वाटलं, आज काहीतरी बोलतील. ते काठी टेकत जवळ आले, सलाम केला आणि म्हणाले, "साहेब, तो माईक लई मोठा लावता. आवाज निस्ता घुमतो, उपदेश कळतच न्हाई. पंचांच्या बैठकीत घ्यावा लागंल ह्यो विषय."

बैठक झाली. दीड तास माईकवर चालली.